व्हायोलावाल्यांचे दिवंगत गुरू

जर्सी सिटीत आमच्या खालच्या मजल्यावर एक ब्राझिलियन गृहस्थ राहतात. व्हायोला वाजवतात. हा व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा भाऊबंद नव्हे. त्यांच्याकडच्या खेड्यापाड्यांत वाजणारं, गिटारसारखं दिसणारं दहा तारांचं वाद्य. शिकवायला कुणी नव्हतं. रेडिओ ऐकत, इतरांची बोटं बघत ते आपले आपणच शिकले. पुढची सगळी कारकीर्द गेली रेस्टॉरंटांत, जेवणाऱ्यांच्या पुढ्यात. एकदा तरी लोकांनी खाणं थांबवून आपल्याला ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मला भरून आलं आणि मी त्यांना आमच्या मंडळाच्या गणपतीत अर्धा तास मिळवून दिला. खाणं थांबवायला माणसं निवडली, तीही आमची.

निवेदन करणाऱ्या काकांनी आधी विचारलं, गुरू कोण? मी म्हटलं, कुणीच नाही. काकांचा चेहरा पडला. "अगं, असं माइकवर कसं अनाउन्स करणार? लोक सीरियसली घेणार नाहीत."

कार्यक्रमात काकांनी कानाच्या पाळीला हात लावला आणि सांगून टाकलं, की हे ब्राझीलमधल्या एका थोर गुरूंचे पट्टशिष्य. टाळ्यांचा कडकडाट झाला. वादकांना मराठी कळत नसल्यामुळे ते बिचारे हसून मान लववत होते.

त्यांनी पहिली तार छेडली आणि मागून कुणीतरी मसालेभात आल्याची खबर दिली. झालं. खुर्च्या सरकल्या, सभागृह उठून रांगेत उभं राहिलं. पुढे दोघं उरले, तेही नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावातल्या घरांच्या किमतींबद्दल बोलत होते. वादक मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत वाजवत राहिले. मला आमच्या सगळ्यांची लाज वाटली.

नंतर रांगेतल्या एका काकूंनी त्यांना इंग्रजीत विचारलं, की तुमचे गुरू ऑनलाइन क्लास घेतात का? त्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला नेऊन घोटाळा सांगितला. ते काकूंकडे वळून म्हणाले, "ते वारले. मी शिकायला लागायच्या आधीच."

वाक्याचा उत्तरार्ध काकूंनी ऐकलाच नाही. त्या हळहळल्या, बातमी काकांपर्यंत गेली, काका माइककडे धावले. आणि वाढप थांबवून, ताटं खाली ठेवून, अख्ख्या मंडळाने त्या कधी नसलेल्या गुरूंसाठी दोन मिनिटं शांतता पाळली. श्रीखंडाचा चमचासुद्धा वाजला नाही.

अशी शांतता वादकांनी जन्मात पाहिली नसावी. त्यांनी व्हायोला जवळ घेतला आणि हलकेच एक तार छेडली.

काकांनी डोळे वटारून त्यांना गप्प केलं.