डेरेकच्या हाताची बेस

"काका, काही दुखत नाहीये. तेच तर विचित्र आहे," मृणाल म्हणाली आणि तिनं बेस गिटार माझ्या टेबलावर ठेवली.

माझ्याकडे येणारा प्रत्येक बेसवाला काहीतरी दुखतं म्हणूनच येत असे. खांदा दुखतो, मनगट दुखतं, बोटं सोलतात. बेस हे जड वाद्य. साधी गिटार तिच्यापुढे पोरसवदा वाटते. चार जाड तारा, लांब दांडी, आणि सगळं वजन एका खांद्यावर. गिटारवाले दांडीला 'नेक' म्हणतात. मी मिरजेला सतारी-तंबोऱ्यांवर हात बसवून मग बंगलोरला आलो, त्यामुळे माझ्या तोंडी दांडीच. इंदिरानगरात एका बंगल्याच्या मागच्या आउटहाउसमध्ये माझं वर्कशॉप होतं. गिऱ्हाइकं मला 'शंकर मेस्त्री' म्हणत.

मृणाल नागपूरची. कोरमंगलाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. सन दोन हजार तोंडावर आलं होतं. जुन्या प्रोग्राममधल्या तारखा दुरुस्त करायचं काम ती दिवसभर करायची आणि शनिवार-रविवारी ऑफिसातल्या मित्रांच्या बँडमध्ये बेस वाजवायची. मराठी मेस्त्री आहे असं कोणीतरी सांगितलं म्हणून ती शोधत आली होती.

"मग तक्रार काय?" मी विचारलं.

"हात माझा वाटत नाही." तिनं डावा हात वर करून बघितला. "म्हणजे वाजवते मीच. पण कोणीतरी वाजवतंय आणि मी बघतेय, असं वाटतं."

हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे, ते आठवेना.

बेस तपासली. सोयीची बेस म्हणजे काय, ते साधं असतं. तारा बोटं दाबायच्या पट्टीपासून फार उंच नकोत. त्या उंचीला 'ॲक्शन' म्हणतात. जास्त असली की बोटाला जोर लागतो. दांडीत आतून एक लोखंडी सळई असते, ती पिळून दांडीचा बाक कमीजास्त करता येतो. आणि गळ्यात अडकवल्यावर तोल राहायला हवा, नाहीतर दांडी खाली झुकते आणि डावा हात वाजवायचं सोडून तिला उचलून धरतो. ही काळी बेस या सगळ्यात पास होती. दांडी पातळ, अगदी लहान हाताला बसेल अशी. मृणालचा हात लहानच.

"कुठून घेतली?"

"रिचमंड टाउनच्या एका सेकंडहँड दुकानातून. दहा बेस बघितल्या हो. ही हातात घेतली अन् सोडावीशीच वाटेना."

मला काही दोष दिसला नाही. तारा बदलल्या, पट्टी पुसली, "स्वल्प कमी वाजवा" म्हणून सांगितलं आणि बेस परत दिली.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी मी म्हटलं, "वाजवून दाखवा."

तिनं पट्टा गळ्यात घातला. दांडी वर उठली, जवळजवळ कानाजवळ आली. डावं कोपर पार दुमडलं. मग तिच्या हाताची शेवटची दोन बोटं, अनामिका आणि करंगळी, वळून दांडीच्या खालच्या कडेला जाऊन बसली. ती अंगठा आणि पहिल्या दोन बोटांवर वाजवू लागली. वाजवणं सुंदर होतं. हा हात मी पाहिला होता.

"हे असं दोन बोटांवर कोणाकडून शिकलात?"

"कोणाकडूनच नाही. आधी मी चारही बोटांनी वाजवायचे. ही घेतली आणि दोन महिन्यांत आपोआप असं झालं." तिनं माझ्याकडे बघितलं. "काका, तुमचा चेहरा असा का झाला?"

"बेस ठेवून जा. उद्या फोन करा," एवढंच मी म्हणालो.

दुपारी करंट गेला होता. खिडकीजवळ स्टूल घेऊन मी ती बेस मांडीवर धरली. मला वाजवता येत नाही, सूर तपासण्यापुरती बोटं चालतात. दांडीच्या खालच्या कडेला बोट फिरवलं. तिथे एक लांबट खोबण होती. आधी ती मला घासल्यासारखी वाटली होती. आता कळलं, ती मुद्दाम कोरलेली होती, आणि कानसेनं इतकी गुळगुळीत केली होती की डोळ्यांना दिसत नव्हती. मी एक सूर धरला, मग दुसरा. बरं वाटत होतं. हाताला काही श्रमच नव्हते.

करंट आला, पंखा फिरला, तेव्हा दचकलो. घड्याळात पाऊण तास गेला होता. माझी अनामिका आणि करंगळी त्या खोबणीत वळून बसली होती. मी ती बसवली नव्हती.

बेस टेबलावर ठेवून दांडीचे चार स्क्रू काढले. अशा बेसची दांडी धडात एका खाचेत बसवलेली असते आणि ती खाच एरवी कोणाला दिसत नाही. मी काम केलं की त्या खाचेत पेन्सिलीनं टिपण लिहून ठेवतो. दांडी उचलली. आत मराठीत, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'डेरेक. खालच्या कडेला अजून अर्धं सूत.'

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारी माप.

तेव्हा ती बेस लाल होती. कोणीतरी काळा रंग मारला होता, म्हणून मी ओळखली नव्हती.

डेरेक कॅन्टोन्मेंटातल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये होता. उंच, हसरा अँग्लो-इंडियन. काही वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याची शेवटची दोन बोटं बधिर झाली होती. "शंकर, हात माझा वाटत नाही," असंच तो म्हणाला होता. डॉक्टर वाजवणं बंद करा म्हणत होता. डेरेकला ते नको होतं. दोन बोटांवर वाजवता येईल अशी बेस करून दे, म्हणाला. मी दिली. वळलेली बोटं टेकतील अशी खोबण कोरली. पट्ट्याची खुंटी मागे सरकवून दांडी त्याच्याजवळ आणली. धडात मागच्या बाजूला शिसं भरलं, म्हणजे दांडी वर उठलेलीच राहील. मला त्या कामाचा फार अभिमान होता. "आता ती आपोआप वाजते," डेरेक म्हणाला होता. पुढे तो आला नाही. तो ऑस्ट्रेलियाला गेला, असं कानावर आलं.

मी त्या दुकानदाराला फोन केला. बेस कोणी विकली?

"लिंगराजपुरमचा डेरेक," तो म्हणाला. "ऑस्ट्रेलिया? नाही हो मेस्त्री, इथेच आहे."

रविवारी मृणालला घेऊन मी त्याच्या घरी गेलो. वाटेत रिक्षात तिला सगळं सांगितलं. ती डावा हात उजव्या हातात धरून बसली होती.

दार डेरेकनंच उघडलं. केस पांढरे झाले होते. डावा हात पँटच्या खिशात. मला बघून त्याला आनंद झाला, पण दुसऱ्याच क्षणी त्याची नजर मृणालच्या हातावर गेली. मी अजून ओळखही करून दिली नव्हती.

"बटण?" त्यानं तिला इंग्रजीत विचारलं.

"काय?"

"शर्टाचं बटण. न बघता लावता येतं?"

मृणालनं टी-शर्टाची कड खाली ओढली. मग हळूच म्हणाली, "या आठवड्यात टी-शर्टच घालतेय."

"आधी मुंग्या यायच्या. बरोबर? मग एक दिवस थांबल्या."

"हो. मला वाटलं, बरं झालं."

"मलाही तसंच वाटलं होतं," डेरेक म्हणाला.

त्यानं आम्हाला बसवलं. खिशातून डावा हात काढला आणि टीपॉयवर ठेवला. अंगठा आणि पहिल्या बोटामधलं मांस आटून तिथे खड्डा पडला होता. शेवटची दोन बोटं आत वळली होती, ती सरळ होत नव्हती. "तुझा ठेव," तो म्हणाला. मृणालनं तिचा हात शेजारी ठेवला. एक हात सुकलेला, एक पंचविशीतला. दोन्हींची वळणं एक. जणू एकाच साच्यातून काढलेले. मी वाकून तिच्या अंगठ्याजवळ पाहिलं. तिथेही किंचित सावली पडत होती.

बाहेर चर्चहून परतणाऱ्या लोकांचा आवाज येत होता.

"तू ऑस्ट्रेलियाला गेलास असं ऐकलं होतं," शेवटी मी म्हणालो.

"मीच सांगितलं होतं. नाहीतर लोक वाजवायला बोलवत राहिले असते." तो भिंतीकडे बघत म्हणाला, "बेस तिथे टांगलेली होती. मी इथे बसलो की हा हात आपोआप तसा धरला जायचा. ती घरात होती तोवर हात वाट बघत बसायचा. म्हणून विकली."

"डेरेक, ते काम मी केलं नसतं तर..."

"मी मागितलं, तू दिलंस. तू थोडं कमी चांगलं काम केलं असतंस तर मी थांबलो असतो, एवढंच." तो हे रागानं म्हणाला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग तो मृणालकडे वळला. "उद्या डॉक्टर. परवा नाही. सरी?" 'ठीक?' एवढं त्यानं कानडीत विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ती नस. कोपर तासन् तास दुमडून राहिलं की ती आवळली जाते. बेस धरताना दुमडलेलं, आणि मृणाल कामाच्या टेबलाशीही कोपरं घडी करूनच बसायची. मुंग्या थांबल्या म्हणजे नस बरी झाली नव्हती, आणखी बिघडली होती. कोपर सरळ राहावं म्हणून झोपताना पट्टी बांधायची, आणि चार महिने बेस बंद.

त्या चार महिन्यांत तिनं मला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा विचारलं, "काका, ती बेस आहे ना अजून? फक्त हातात घेऊन बघते." मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी ती रडली. हाताला अजून ते वळण हवंसं वाटतं, आणि त्याचीच आपल्याला भीती वाटते, म्हणाली.

हात परत आला. सगळा नाही, करंगळीचं टोक थोडं बधिर राहिलं. पण बटणं लागू लागली आणि चारही बोटं सरळ झाली. मी धडातलं शिसं काढलं, खुंटी मूळ जागी नेली आणि नवी दांडी बसवली, जाड, बिनखोबणीची. तिनं ती वाजवून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"अवघड वाटते हो."

"वाटू दे."

जुनी दांडी मी करवतीनं कापून टाकली. कापताना ती डाव्या हातात धरावी लागणार होती. मी ती शिकंज्यात आवळली आणि हात न लावता कापली.

तेव्हापासून वर्कशॉपमध्ये एक नियम केला. हात बधिर झाला म्हणून कोणी वाद्य बदलून मागितलं, तर आधी डॉक्टरची चिठ्ठी, मग रंधा. दोन-तीन जण चिडून दुसऱ्या मेस्त्रीकडे गेले. त्यांच्या वाद्यांचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.