कोरडं बोट

काही लोक माणसाच्या चेहऱ्याकडे आधी बघतात, काही बुटांकडे बघतात. सावंत गुरुजी डाव्या हाताच्या तर्जनीकडे बघायचे. सिंगापूरच्या बुकित बातोकला आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये पहिली भेट झाली, तेव्हा मी नमस्कार म्हणायच्या आत त्यांनी माझा डावा हात धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तर्जनीचं नख दिव्याकडे वळवून म्हणाले, "कोरडं. किती वर्षं?" मला वाटलं, वैद्य असावेत. अकराव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत मी त्यांना माझ्या पोटाच्या तक्रारी सविस्तर सांगितल्या. दार उघडल्यावर खुलासा झाला की विचारणा मतदानाबद्दल होती.

गुरुजी म्हणजे माझ्या शेजारच्या प्रशांतचे वडील. हिवरमाळच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर मुलाकडे सिंगापूरला आलेले. पण गणित हा नुसता जोडधंदा, मूळ धंदा निवडणूक. इलेक्शन ड्यूटीचं पत्र आलं की बाकीच्या मास्तरांना ताप भरायचा, गुरुजींचा असलेला उतरायचा. सुरुवातीला शाई लावायला बसायचे, पुढे केंद्राध्यक्ष झाले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्यात त्यांनी तीस हजार बोटं रंगवली. मी हा आकडा एक लाख सांगतो, कारण तीस हजार कुणाला खरा वाटत नाही.

सवय काही सिंगापूरला येऊन सुटली नाही. हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत चिकन राइसवाल्याने ताट पुढे केलं की हे ताट सोडून त्याचं बोट तपासणार. एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, दांडी धरलेली बोटं मोजणार. नात ईशा लाजेने अर्धी व्हायची. "आजोबा, डोंट एनीहाऊ टच पीपल ला," तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची. गुरुजी तिला समजावत, "अगं, चेहरा कुणीही धुतो. बोट खोटं बोलत नाही."

रविवारी सकाळी आम्ही दोघं हॉकर सेंटरला कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यायला जायचो आणि टेबलावर हिवरमाळ विधानसभा मतदारसंघाचा इतिहास मांडला जायचा. एक कप एक उमेदवार, चमचे म्हणजे बंडखोर, आणि मतदार म्हणून पिशवीतून आणलेले शेंगदाणे. पहिल्या निवडणुकीत दादासाहेब. दुसऱ्यांदाही दादासाहेब. तिसऱ्यांदा दादासाहेबांवर रुसलेला त्यांचाच जावई. चौथ्यांदा जावयावर रुसलेली त्यांची मुलगी. कुठल्या वाडीने कुणाला किती मतं दिली, कुठल्या केंद्रावर शाईची बाटली सांडली आणि कुठे पेटी बैलगाडीतून घसरली, सगळं तोंडपाठ. पाचव्या निवडणुकीत ऐन मतमोजणीच्या वेळी भांडी गोळा करणाऱ्या चिनी आजीबाईंनी दादासाहेबांचा कप उचलून नेला. मला वाटलं, गुरुजी चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "अगदी असंच झालं होतं."

एकच निवडणूक मात्र ते कपांशिवाय सांगत. त्या वेळी त्यांच्याच शाळेतले विठ्ठल मास्तर अपक्ष उभे होते. चिन्ह छत्री, जवळ गाडी नाही, सायकलवर प्रचार. निवडून आलो तर हिवरमाळला मुलींचं हायस्कूल आणीन, एवढं एकच आश्वासन. मास्तर थोडक्यात पडले. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सत्तावीस मतांनी पडले होते. दिवाळीपर्यंत अकरा राहिली. चिनी नववर्षाचे लाल कंदील लागले तेव्हा तीन. मी स्वतः थापांच्या बाबतीत पोचलेला माणूस. आकडे फुगवणारे मी ढिगाने पाहिलेत, दर वेळी आकडा कमी करत जाणारा हा एकटाच.

आकडा तीनवर का थांबला, ते पुढे कळलं. ड्यूटीवरच्या शिक्षकांना टपालाने मत द्यावं लागतं. मतपत्रिका आतल्या लिफाफ्यात आणि सही केलेलं प्रतिज्ञापत्र बाहेरच्या. त्या वर्षी गुरुजींनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र आतल्या लिफाफ्यात घातलं, आणि शेजारी बसलेल्या दोन मास्तरांनाही तसंच घालायला लावलं, कारण नियम गुरुजींना विचारायचे ही शाळेची पद्धत. तिन्ही मतं बाद. "शिंदे," ते मला म्हणाले, "सगळ्या तालुक्याचे फॉर्म मी भरून द्यायचो. आणि छत्री माझ्या हातून मिटली."

टपाली मताला बोटाला शाई लागत नाही. म्हणजे तीस हजार बोटं रंगवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं बोट विधानसभेच्या शाईपुरतं जन्मभर कोरडंच होतं. निवृत्तीनंतरची पहिली निवडणूक बायकोच्या आजारपणात दवाखान्यात गेली, मग सिंगापूर. त्यामुळे या खेपेची निवडणूक लागली तेव्हा त्यांनी हट्टच धरला: एकदा तरी आपल्या गावच्या केंद्रावर उभं राहून शाई लावून घ्यायची. त्यांचं हृदय निम्मंच चालत होतं. प्रशांतला रजा नव्हती. शेवटी मी सोबत निघालो, काहीसा नाइलाजानेच, कारण गुरुजींनी वर्षभर आधी आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्या मराठी लोकांचे परदेशी राहणाऱ्या मतदारांचे फॉर्म भरून टाकले होते. माझा तर मला सोफ्यावर बसवून भरला, पासपोर्टवरच्या पुण्याच्या पत्त्यावर. अशा मतदाराला मत द्यायला स्वतः भारतात जावं लागतं, म्हणजे मला सबबच उरली नव्हती. स्वतःचा का नाही भरत, असं विचारल्यावर हसले होते. "माझं नाव तिथे दगडावर कोरलंय."

हिवरमाळच्या शाळेत, त्यांच्याच जुन्या वर्गात, सकाळी नऊला आम्ही रांगेत होतो. गुरुजींचा सदरा इस्त्रीचा, डावं बोट साबणाने घासून आणलेलं. पहिल्या टेबलावरच्या तरुण बाईंनी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. केंद्राध्यक्षांना बोलावलं. नाव वगळलं होतं. शेरा होता, स्थलांतरित. चौकशीला आलेल्या माणसाला घराला दोनदा कुलूप दिसलं होतं.

मी भांडायच्या तयारीत बाह्या सरसावल्या. माझा आवाज असा आहे की पलीकडच्या तीन मतदारसंघांचं मतदान थांबलं असतं. गुरुजींनी माझं मनगट धरलं. त्या बाई रडवेल्या झाल्या होत्या. त्यांना म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. यादीत नाही त्याला शाई नाही. मी याच खोलीतून कितीतरी लोकांना परत पाठवलंय." आणि वळून बाहेर आले.

व्हरांड्यातल्या बाकावर बराच वेळ ते घासलेलं बोट मुठीत धरून बसले होते. मी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं. मग एकदम म्हणाले, "तुमचं केंद्र पुण्याला ना? किती तास?"

मी म्हटलं, राहू द्या गुरुजी, दगदग होईल, माझ्या एका मताने काय होणार आहे. आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख वाक्यं बोललोय, पण ते समोर बसलेले असताना हे बोलायला नको होतं.  मी आमच्या टॅक्सीवाल्याला उठवायला गेलो.

त्या प्रवासाबद्दल काय सांगू? टायर दोनदा फुटला, घाटात ट्रक आडवा, आणि वाटेतल्या एकूण एक म्हशी त्याच दिवशी रस्ता ओलांडायला निघाल्या होत्या. गुरुजी मागच्या सीटवरून घड्याळ वाचत होते. "सहाच्या आत रांगेत नुसतं उभं राहायचं," ते सांगत होते, "मग आठ वाजले तरी मत घ्यावं लागतं. शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात, एक नंबर शेवटच्याला. नियम आहे." गाडी पुण्यातल्या माझ्या केंद्राच्या फाटकाशी थांबली तेव्हा सहाला चार मिनिटं कमी होती. गुरुजींना उतरता येईना. "पळा," म्हणाले. मी पळालो. एक नंबरची चिठ्ठी मला मिळाली.

पासपोर्ट दाखवून, मत देऊन बाहेर आलो तेव्हा अंधारलं होतं. गाडीतला दिवा लावून गुरुजी वाट बघत बसले होते. माझा डावा हात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, नख दिव्याकडे वळवलं. नखाच्या टोकापासून पेरापर्यंत रेघ. अंगठ्याने जरा घासून पाहिली.

"चांगली लावलीय. घाई केली नाही," ते म्हणाले. मग माझा हात न सोडता, "एकाचा तरी फॉर्म बरोबर भरला."

सिंगापूरला परतल्यावर लिफ्टमध्ये भेटले की रोज बोट तपासायचे. शाईची खालची कड नखाबरोबर वर सरकत होती. ती नखाच्या टोकाशी पोचायच्या आत, एका दुपारी झोपेतच गुरुजी गेले. त्यानंतर महिनाभर मी ते एक नख कापलं नाही. 

परवा सिंगापुरातच सेरंगूनला एका घरी जेवायला होतो, तिथे ही गोष्ट सांगितली. म्हशी आता शंभराच्या वर गेल्यात, टायर चारही फुटतात. फक्त फाटकाशी पोचलो तेव्हा सहाला किती कमी होतं, तो आकडा मात्र माझ्याही नकळत दर वेळी उतरत चाललाय. परवा एकच मिनिट राहिलं होतं.