मामीने ओळखलेली हलगी

नामांतराच्या मोर्च्यांची ती वर्षं होती. जिंतुरात माझा मोठा भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. जुन्या सुट्या भागांतून त्याने एक छोटं प्रक्षेपण यंत्र जोडलं होतं. त्याला परवाना नव्हता आणि आवाज जेमतेम चार गल्ल्यांपर्यंत जाई. मोर्च्यांत हलगी वाजवणारे आमचे मामा एका दुपारी त्या यंत्रावर वाजवायला दुकानात आले. त्यांची अट एकच होती.

"तुझ्या मामीनं आपणहून वळखली, तरच माझी हलगी रेडिओवर वाजली म्हणायचं."

मी ट्रान्झिस्टर घेऊन दोन गल्ल्या पलीकडे मामीकडे गेलो आणि काही न सांगता तो लावला. आधी नुसती खरखर आली. तिकडे दुकानात मामा सवयीने मोर्च्यात वाजवावी तशी जोरात वाजवत होते, हे मला नंतर कळलं. भावाने त्यांना माईकपासून लांब बसवल्यावर ठेका स्वच्छ ऐकू येऊ लागला.

मामी ज्वारी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुझ्या मामाला सांग, कातडं ढिलं पडलंय. शेकून घ्या म्हणावं."

मी दुकानात जाऊन निरोप दिला. मामांनी चहाचा स्टोव्ह पेटवला आणि हलगी त्यावर धरली.

"उद्या पालम गावच्या माझ्या हलगीच्या जोडीदारालाबी वाजवायला बोलावतो," ते म्हणाले.