आत्याने दिलेली पेटी

ते प्रकरण आठवलं की आजही माझी छाती फुगते, आणि पाठोपाठ कानही गरम होतात. दोन्ही का, ते सांगतो. नाव मात्र कुणाचंही घेणार नाही. खाकी उतरवली म्हणून जीभ मोकळी सोडायची, हे मला पटत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सिल्वासा ठाण्यात फौजदार होतो. नरोलीकडे कारखाने भराभर उभे राहत होते आणि धुळे-जळगावकडची पोरं एकेका खोलीत दाटीवाटीने राहून पाळ्या करत होती. रस्ता होता तेवढाच राहिला, ट्रक-टेम्पो मात्र वाढत गेले. अपघाताची खबर आमच्या स्टेशन डायरीत नेहमीचीच झाली होती.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी सरकारी दवाखान्यातून फोन आला. मी हवालदाराला घेऊन निघालो. हा हवालदार गुजराती, माझ्याहून वयाने मोठा, कामाला वाघ. पण प्रकरण लवकर मिटवायची त्याला भारी हौस. जखमी होता पंचविशीतला एक खानदेशी कामगार. पहिली पाळी सुटून सायकलवरून खोलीकडे निघाला होता. शुद्ध नव्हती. मांडीला खोल जखम, पण तिच्यावर पट्टी घट्ट बांधलेली, आणि पट्टीला पिनेने एक चिठ्ठी टोचलेली. चिठ्ठीवर पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं: 'पट्टी बांधली, ३ वाजून २० मि.'

डॉक्टर म्हणाले, "हे ज्याने बांधलं त्याच्यामुळे हा इथपर्यंत आला. नाहीतर रक्त जाऊन वाटेतच संपला असता. अजूनही मी काही खात्री देत नाही."

"आणलं कुणी?"

"पांढऱ्या मोटारीतून कुणीतरी. याला आत घेतलं, बाहेर येऊन बघतो तर मोटार गायब."

वॉर्डबॉयला विचारलं, तर म्हणतो, "साहेब, मी जखमीकडे बघू का गाडीवाल्याकडे?" बोलताना तो भिंतीकडे बघत होता. साक्षीला बोलावतील, कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील, याची त्याला धास्ती. मी त्याला चांगला झापला. माझा अंदाज तयार होता: उडवलं, घाबरला, दवाखान्यात टाकून पळाला. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली होती.

घटनास्थळाचा पंचनामा केला. अथालच्या पुलापलीकडे नरोली रस्त्यावर सायकल पडली होती. मागचं चाक पार वाकलेलं आणि मडगार्डवर निळा रंग घासलेला. सायकल काळी होती. निळा रंग कुठून आला, हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुलाजवळच्या चहावाल्याने खबर दिली. तो माझा जुना खबऱ्या. "साहेब, साडेतीनच्या सुमाराला पांढरी फियाट गेली, हॉर्न दाबून धरलेला. बांधकाम खात्यातले इंजिनीअरसाहेब आहेत ना, त्यांची. आत कोण होतं ते दिसलं नाही, काचेवर ऊन होतं."

पुढच्या दिवशी सकाळी आम्ही सरकारी क्वार्टरवर पोचलो. फियाट दारातच होती. धुऊन लख्ख केलेली, मागच्या सीटचं कव्हर दोरीवर वाळत. हवालदाराने माझ्याकडे पाहून भुवई उडवली. मी मोटारीला एक फेरी मारली. पुढचा बंपर सरळ, दिवा शाबूत, कुठे ओरखडा नाही. निळा रंग तर नाहीच.

बाईंनी पाणी दिलं. साहेब आंघोळीला गेले होते. समोर शोकेसवर गॉगल, गणपतीची की-चेन, गाण्यांच्या कॅसेट असं बरंच काही मांडलेलं दिसलं. मी सहज म्हटलं, "कुणाचा वाढदिवस?"

"तो होऊन गेला हो," बाई कौतुकाने सांगू लागल्या. "लेकीला अठरा पुरी झाली, गाडी शिकतेय. म्हणून सगळ्यांनी काहीबाही दिलंय. मामाने गॉगल, काकाने की-चेन. आणि आमच्या वन्सं बघा, मुंबईला नर्स आहेत, त्यांनी काय द्यावं? मलमपट्टीची पेटी! सगळे हसले. पण पट्टी बांधायला शिकल्याशिवाय पेटी हातात देणार नाही म्हणाल्या. दोन दिवस पोरीकडून घरातल्या सगळ्यांचे हातपाय बांधून घेतले."

तेवढ्यात इंजिनीअरसाहेब बाहेर आले. साहेब रत्नागिरीकडचे, बोलायला मोजके. बसलेसुद्धा नाहीत. "गाडी मीच चालवत होतो. माझ्याकडून धडक बसली. काय असेल ते माझ्यावर लावा."

हवालदार माझ्या कानाशी लागला, "साहेब, केस पती गयो." म्हणजे संपलं प्रकरण.

खरं सांगतो, मोह झाला. मोटार सापडलेली, कबुली समोर, जबाब लिहून सही घ्यायची की वरिष्ठ पाठ थोपटणार. पण वहीतला निळा रंग मला सोडीना. शिवाय गृहस्थ खोटं बोलतोय, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"पट्टीसुद्धा तुम्हीच बांधलीत?"

"हो."

"मग जरा बांधून दाखवा. ती पेटी आणा."

पेटी घेऊन मुलगी आली. डोळे रडून सुजलेले. पेटीत एकच पट्टी शिल्लक होती. मी हवालदाराला पाय पुढे करायला सांगितलं. साहेबांनी पट्टी गुंडाळायला घेतली. ती एकदा गुडघ्यावर घसरली, एकदा पार घोट्यापर्यंत उतरली, आणि शेवटी त्यांनी बुटाच्या नाडीसारखी गाठ मारली. हवालदाराने नुसता पाय हलवला आणि सगळं सुटून फरशीवर पडलं. एरवी कुणीही हसलं असतं. त्या खोलीत कुणी हसलं नाही.

"बाबा, सोडा."

मुलगी खाली बसली. तिने पट्टी उचलली, झटकून गुंडाळी केली आणि हवालदाराच्या मांडीला खालून वर अशी सफाईने बांधली की बघत राहावं. दवाखान्यात पाहिली ती हीच गाठ, सपाट आणि पक्की.

"गाडी मी चालवत होते," ती म्हणाली.

साहेब ओरडले, "तू आत जा."

"नाही जाणार. साहेब, गाडी माझ्या हातात होती, पण धडक मी दिलेली नाही. पुढे एक निळा टेम्पो होता, त्याने उडवलं आणि पळाला. मी थांबले. दोन मजूर चालले होते, त्यांनी माणूस गाडीत ठेवायला हात लावला, आणि दवाखाना म्हटल्यावर तेही निघून गेले."

इंजिनीअरसाहेब खुर्चीत बसले. "अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलंत कुठे? सीटवरचं रक्त पाहिलंत आणि म्हणालात, एक शब्द बोलू नकोस, मी बघतो."

दोन दिवस हा बाप लेकीच्या हातून माणूस मरतोय असं समजून तुरुंगात जायची तयारी करत होता, आणि लेक त्याच घरात गप्प बसून होती. मी विचारलं, "दवाखान्यातून पळालीस का?"

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "माझ्याकडे शिकाऊ परवाना. बाबा स्कूटरने ऑफिसला गेलेले, मी न विचारता गाडी काढलेली. तुम्ही मलाच धरलं असतंत."

कान गरम झाले ते इथे. कारण मी त्याच तयारीने आलो होतो.

"टेम्पोचा नंबर बघितलास?"

तिने पेटीचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने नंबर लिहिलेला होता. "आत्या म्हणाली होती, आधी माणूस, मग बाकीचं. म्हणून आधी दोन आकडे तोंडपाठ करत राहिले, बांधून झाल्यावर लिहिले. पुढचे दोन राहून गेले." घाबरून दोन दिवस ती पेटी तिने पलंगाखाली ठेवली होती.

अर्ध्या नंबरावर आणि निळ्या रंगावर आम्ही कामाला लागलो. संध्याकाळच्या आत टेम्पो सायलीतल्या एका कारखान्याच्या आवारात सापडला. डाव्या बाजूचा पत्रा नुकताच रंगवलेला, बोट लावलं तर रंग चिकटत होता. ठाण्यात आणल्यावर ड्रायव्हर आधी 'मला काही माहीत नाही'वर अडून बसला. मी आवाज चढवला नाही. टेबलावर वाकलेलं मडगार्ड ठेवलं, शेजारी त्याच्या टेम्पोचा खरवडलेला रंग ठेवला, आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत तो बोलला. थांबलो असतो तर लोकांनी मारलं असतं, म्हणाला. तेही काही खोटं नव्हतं, पण म्हणून गुन्हा माफ होत नाही. आरोपपत्र गेलं, शिक्षा झाली.

मुलीवरही शिकाऊ परवान्यावर एकटीने गाडी काढल्याचा खटला भरला. हवालदार म्हणाला, "जवा दो ने साहेब." मी जाऊ दिलं नाही. ती स्वतः कोर्टात आली, चूक कबूल केली, दंड भरला आणि बाहेर मला नमस्कार करून गेली. तो नमस्कार मला वरिष्ठांच्या शाबासकीपेक्षा मोठा वाटला. क्वार्टरवर गेलो त्या सकाळी मी कबुलीवर सही घेतली असती, तर एक बाप आत गेला असता, टेम्पोवाला मोकळा फिरला असता आणि त्या पोरीने जन्मात पुन्हा कुणासाठी गाडी थांबवली नसती. सही घेतली नाही, याचा मला अभिमान आहे. का नसावा?

पण शिकलो ते निराळंच. वॉर्डबॉय, ते दोन मजूर, इंजिनीअर, त्याची लेक, सगळे जखमीला नाही, आम्हाला घाबरले होते. त्यानंतर माझ्या ठाण्यात नियम केला: जखमीला आणणाऱ्याला आधी खुर्ची, मग पाणी, मग आभार, आणि प्रश्न सर्वांत शेवटी. आणि आमच्या घरात कुणी गाडी शिकलं की माझी भेट ठरलेली. नातवंडं आधीच ओरडतात, "आजोबा, पेटी नको." पेटीच मिळते. पट्टी बांधता आल्याशिवाय तीही मिळत नाही.

तो जखमी तरुण वाचला. पावसाळा सरता सरता कुबडी टेकत ठाण्यात आला. हातात कागदाची पिशवी: चार पट्ट्या, कापूस, टिंचरची बाटली. मला म्हणाला, "साहेब, त्या ताईंचं घर दाखवा. त्यांच्या पेटीतलं सामान माझ्या पायाला लागून गेलं. ते भरून द्यायचंय."

मी त्याला जीपमधून स्वतः घेऊन गेलो. मुलीने पेटी आणली. म्हणाली, "अहो, कशाला आणलंत?" त्याने ऐकलं नाही. खाली बसता येत नव्हतं, तरी भिंतीला टेकून त्याने एकेक वस्तू तिच्या हातात दिली आणि ती पेटीत लावून होईपर्यंत उभा राहिला.

"पेटी भरलेली असू द्या, ताई," तो म्हणाला. "त्या रोडने आमची पोरं रोज सायकलीने जातात."