व्हिटॅमिनच्या डबीतल्या गोळ्या

जिमवाल्याच्या पावडरीने माझ्या नातवाला फिट आली, असं आमच्या गावात आजही सांगतात. हे मीच पसरवलं आणि ते अर्धं खोटं आहे.

नातवाला फिट्स लहानपणापासून. नगरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर तो ठणठणीत होता. पण लग्नाचं वय झालं आणि भावकीची अक्कल जागी झाली. आमच्यात नवरा मुलगा दारू पितो हे 'मित्रांबरोबर घेतो कधीतरी' म्हणून खपतं. फिट म्हटलं की पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात. म्हणून मी, घरातला शहाणा, त्या गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत भरायला लावल्या.

पुढे मध्यस्थ म्हणाला, पोरगं वाळकं दिसतं. लगेच त्याला कर्जतच्या जिमला घातलं. जिमवाल्याने भिंती स्वतःच्याच उघड्या अंगाच्या फोटोंनी भरून टाकलेल्या. शरीराचं ज्ञान सगळं मोबाईलवरचं. त्याने व्यायामाआधी घ्यायची पावडर गळ्यात मारली. डब्यावर दात विचकणारा गोरिला. व्यायाम झाल्यावर नातू तिथेच केळी खाऊन सकाळची गोळी घ्यायचा. ती डबी जिमवाल्याने पाहिली.

"आबा, तो इचारतोय कसल्या गोळ्या," नातू घरी येऊन म्हणाला. "खरं सांगू का?"

"येडा हायेस का? त्याची मेहुणी त्याच गावात दिलीय, जिथली पोरगी आपण बघतोय. डबी जिमला न्यायचीच न्हाई."

"आन् पावडर? ती घेतल्यापासनं झोप लागत न्हाई."

"ताकदीची हाय. घे गुमान."

डबी घरी राहिली आणि जिमहून उशिरा परतण्यात सकाळची गोळी चुकायला लागली. मला दिसत होतं. एखादी चुकली तर काय होतंय, असा माझा वैद्यकीय निष्कर्ष.

एके सकाळी बाकावर झोपून वजन उचलताना त्याला फिट आली. बार छातीवर आला, गळ्याजवळचं, खांद्याला जोडलेलं हाड मोडलं. शेजारच्याने बार धरला म्हणून मान वाचली.

नगरच्या डॉक्टरांनी डब्यामागचा मजकूर वाचला. "यात कॅफिन भरमसाट आहे. याच्यासाठी हे नकोच, त्यात झोप नाही. ताकदीसाठी काही घ्यायचं होतं तर डबा आधी मला दाखवायचा. चालण्यासारखं असतं तर मीच हो म्हटलं असतं. पण गोळ्या का चुकल्या?"



"मीच इसरलो," नातू म्हणाला.

त्याने मला वाचवलं, आणि मी गावात येऊन जिमवाल्याच्या नावाने शिमगा केला. तो अडाणी आहेच. पण त्याला फिट्सची माहितीच नव्हती, मला होती.

ते स्थळ मोडलं. परवा दुसरे पाहुणे मुलीला घेऊन घर बघायला आले. खांद्याचं विचारताच मध्यस्थाने पावडरीची कथा लावली. मी त्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं, माझ्या कारभारासकट. भर बैठकीत मी धोतर सोडल्यासारखं तो माझ्याकडे बघत राहिला. मुलीच्या मामाने कप खाली ठेवला.

मुलगीच बोलली. "आता गोळ्या वेळेवर घेता का?"

"घेतो," नातू म्हणाला. "कुनासमोर बी."

त्यांचा निरोप अजून आलेला नाही.