सायकलीला इचारलं का?

चिठ्ठीमिस्त्री आलेल्या माणसाकडे आधी बघतच नसत. आधी सायकलीकडे बघत. माणूस रामराम घालून, घाम पुसून, काय काय बदलायचं त्याची यादी सांगून दमला, की ते सीटवर हात ठेवत आणि मान वर न करता विचारत, "सायकलीला इचारलं का?" नवखा गोंधळायचा. जुनं गिऱ्हाईक मुकाट्यानं बाकावर बसायचं, कारण मिस्त्री आता सायकलीभोवती दोन फेऱ्या मारणार आणि तोवर बोलण्यात अर्थ नाही, हे त्याला ठाऊक असे.

त्यांचं दुकान नगरला लागून असलेल्या भिंगारच्या बाजारात, एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. गोऱ्यांची पलटण गेली तेव्हा साहेब लोक त्यांच्या विलायती रेसर सायकली इथेच टाकून गेले. पातळ टायर, एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा नाही. त्या सायकली पुढे कारकुनांच्या, दूधवाल्यांच्या, पेन्शनीतल्या हवालदारांच्या हाती आल्या. साहेबानं हौसेनं पळवलेली सायकल आता दुधाचे कॅन वाहणार, म्हणजे तिच्यात बदल करणं आलं. ते काम नगरात बरेच जण करत, पण मिस्त्रींच्या हातची सायकल दुरून ओळखू यायची. कॅन लटकवले, सरळ हँडल बसवलं, जाड चाकं घातली, तरी ती रेसरच दिसायची. तिचा बांधा ते मोडू देत नसत.

त्यांना चिठ्ठीमिस्त्री म्हणत ते माळ्यामुळे. सायकलीचा जो भाग काढला तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून, वर सुतळीनं चिठ्ठी बांधून ते माळ्यावर ठेवत. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं ठसठशीत अक्षर. मालकाचं नाव, वस्तूचं नाव आणि खाली दोन शब्द: 'परत लावायचं'. त्या दोन शब्दांवर त्यांचा सगळा धंदा उभा होता. नट-बोल्टानं जे जमेल ते ते करत, पण फ्रेमला करवत लावा म्हटलं की पाना खाली ठेवत. "कापलेलं परत बसत न्हाई," एवढंच म्हणत, आणि गिऱ्हाइकाला चहा पाजून वाटेला लावत.

भडक हौसेचं मात्र त्यांना वावडं नव्हतं, याचं मला नवल वाटायचं. एकदा श्रीगोंद्याकडचा एक नवा नवरदेव मामाची रेसर घेऊन आला. तलवारीच्या पात्यासारखी सायकल. तिच्यावर त्याला सहा आरसे हवे होते, दोन रबरी भोंगे, हँडलला प्लॅस्टिकची फुलं, चाकांत रंगीत मणी आणि पुढे नवं मडगार्ड बसवून त्यावर पंख पसरलेला पत्र्याचा मोर. मिस्त्रींनी नेहमीचा प्रश्न विचारला. नवरदेव म्हणाला, सायकलीला काय विचारायचं, बायकोला विचारलंय. हे उत्तर मिस्त्रींना इतकं पटलं की त्यांनी दोन दिवस खपून सगळं जसंच्या तसं बसवून दिलं. मी तेव्हा तिथेच होते. काका, असली घाण तुम्ही करताच कशाला, असं मी तोंड वर करून विचारलं. ते म्हणाले, "हौसेला मोल नसतं. आपुन एवढंच बघायचं, की हौस सायकलीच्या हाडाला लागता कामा न्हाई." उसाचा हंगाम संपायच्या आत नवरदेव परत आला. मोराच्या पंखानं त्याचे तीन सदरे फाडले होते. मिस्त्रींनी माळ्यावरून त्याचं जुनं सामान काढून लावून दिलं आणि मोर गुंडाळून वर ठेवला. मोरालाही चिठ्ठी: 'परत लावायचं'.

आणि गंमत म्हणजे सगळ्या भिंगारात भडक सायकल कुणाची असेल तर ती मिस्त्रींची स्वतःची. पोपटी रंग, तीन घंट्या, सीटला लाल गोंडे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तिला असं नटवलं होतं. कुणी हसलं तर मिस्त्री शांतपणे सांगत की सायकल तिची आहे, ते फक्त चालवतात.

माझा आणि त्यांचा संबंध माझ्या वडिलांपासूनचा. वडील लष्कराच्या भांडारात कारकून होते. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांना रेसर मिळाली होती, गर्द हिरवी, अंगावर केसाएवढी बारीक सोनेरी रेघ. वडिलांची पाठ दुखायची म्हणून मिस्त्रींनी तिला सरळ हँडल लावलं, आणि मी तीन वर्षांची झाल्यावर पुढच्या दांडीवर एक छोटी सीट बसवली. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून खाली चामड्याची पट्टी घातली. त्या सीटवर बसून मी वडिलांच्या दोन हातांमध्ये सगळं नगर पाहिलं. मोठी झाले तशी सीट चिठ्ठी बांधून माळ्यावर गेली. मी नर्सिंगला असताना वडील वारले. सायकल आमच्या घरात चादरीखाली उभी राहिली.

मला भिंगारजवळच्या एका उपकेंद्रात नर्सची नोकरी लागली आणि त्या दिवसापासून मिस्त्री मला "नर्सबाई" आणि "तुमी" म्हणू लागले. त्याआधी मी "पोरी" होते. मला ओशाळल्यासारखं व्हायचं. पण माझ्या पांढऱ्या साडीला ते मानत होते, आणि त्या साडीनंच घोटाळा केला. उपकेंद्राखाली पाच-सहा वाड्या-वस्त्या होत्या, एकेक दोन-तीन कोसांवर. सरकारी सायकल मंजूर झाली होती, पण ती कागदावरच फिरत होती. घरात वडिलांची सायकल होती, तिला पुरुषी सायकलीची आडवी दांडी. पाचवारी साडीत त्या दांडीवरून पाय टाकता येत नाही. जिला शंका असेल तिनं करून बघावं.

मी करून बघितलं. लहान मुलं दांडीखालून पाय घालून अर्ध्या पायडलावर चालवतात, तशी मी औषधांची पेटी मागे बांधून भर बाजारातून निघाले. मिस्त्रींच्या दुकानासमोरच आदळले. पायडल वाकलं, पेटीतल्या बाटल्या फुटल्या, कोपर सोललं. मिस्त्री धावत आले, त्यांनी आधी सायकल उचलली आणि मग मला. हे मी त्यांना पुढे कायम ऐकवलं आणि त्यांनी कधी नाकारलं नाही.

कोपराला आयोडीन लावून घेता घेता मी म्हणाले, "काका, दांडी कापा." त्यांच्या हातातला पाना तसाच राहिला. त्यांनी सायकलीकडे बघितलं. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांची जीभ जुन्या वळणावर गेली. "पोरी, ह्या दांडीवर तू बसलीस." ते म्हणाले, आठ दिवस द्या, लेडीज सायकल शोधतो. त्यांनी खरंच शोधली. नगरातली दुकानं पालथी घातली, नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यांतल्या ओळखीच्या लोकांना विचारलं. कुणाकडे जुनी निघेना, नवीसाठी नाव लावून थांबावं लागे. वडिलांची सायकल, वाकल्या पायडलासकट, दुकानातच पडून होती.

दुष्काळाचं वर्ष होतं. बायका रस्त्यांच्या कामांवर खडी फोडायला जात, दिवस भरले तरी जात. एका सकाळी लांबच्या वस्तीवरून बाळंतपणाचा निरोप आला. मी पायी निघाले, पळत म्हटलं तरी चालेल. ऊन चढलं होतं, मुरमाच्या रस्त्यावर चपलेचा अंगठा तुटला, तर ती हातात घेतली. वस्तीच्या अलीकडेच सुईण मला सामोरी आली. तिनं सांगितलं, बाई वाचली, मूल गेलं. मी तासभर आधी पोचले असते तर मूल जगलं असतं की नाही, हे कुणी डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकला नसता. पण मला वाटायचं ते वाटलंच. त्या बाईचे हात खडीनं सोललेले होते. मी तिला तपासलं, औषध दिलं आणि परत चालू लागले.

दुपारी मिस्त्रींच्या दुकानात जाऊन बाकावर बसले. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, पाणी दिलं, चहा मागवला. काय झालं ते मी सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "चालत पोचत नाही, काका." दांडीचा विषय मी काढला नाही. काढायला हवा होता की नाही, कोण जाणे.

चार दिवसांनी त्यांचा निरोप आला. दुकानात माझी सायकल उभी होती आणि तिची वरची दांडी गेली होती. तिच्या जागी एक तिरका पाईप उतरत आला होता, भंगारातल्या मोडक्या लेडीज फ्रेमचा. नागापूरला एका वर्कशॉपमध्ये स्वतः उभं राहून त्यांनी तो पितळेनं सांधून घेतला होता. गर्द हिरवा रंग असा जुळवला होता की जुनं कुठे संपलं ते दिसेना. सोनेरी रेघ त्यांनी आपल्या हातानं, बारीक कुंचल्यानं, नव्या पाईपवरून पुढे नेली होती. ती सायकल विलायतेहून अशीच आली असावी, असं कुणालाही वाटलं असतं.

माझे डोळे भरून आले. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "सायकलीला विचारलं का?"

ते चेनला तेल घालत होते. मान वर न करता म्हणाले, "इचारलं. म्हनली, नर्सबाईला उशीर हुतोय."

मग सायकल माझ्या हातात देताना म्हणाले, "दांडी गेली. आता कामाला दांडी मारायची न्हाई."

मी मारली नाही. त्या सायकलीवर मी पाच वर्षं त्या वाड्या-वस्त्या पिंजून काढल्या. पहिल्याच महिन्यात एका खडीच्या कामावर वेळेत पोचले आणि बाभळीखाली, लुगड्याच्या आडोशाला, एक मुलगी माझ्या हातात रडली. ती बातमी सांगायला मी घरी न जाता आधी दुकानात गेले. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, हवा तपासली आणि मागचं चाक थोडं भरून दिलं. माझ्या हातून या जगात जेवढं काही बरं झालं असेल, त्यातला मोठा वाटा त्या माणसाचा आहे, हे मी आज म्हातारपणी बिनदिक्कत सांगते.

पण एक सल राहिला होता. काकूंनी मला एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, की दांडी कापली त्या दिवशी मिस्त्री जेवले नाहीत. मीही बघत होते. सायकल तेलपाण्याला नेली की ते चाकं बघत, ब्रेक बघत, पण त्या सांध्याकडे त्यांची नजर जात नसे. आयुष्यात एकदाच त्यांनी आपला नेम मोडला आणि तो माझ्यासाठी. त्यांना पस्तावा होत असेल का, हे मला विचारायचं होतं. पण असल्या गोष्टी विचारायला जीभ रेटत नाही.

माझी बदली श्रीगोंदा तालुक्यात झाली. सायकल एसटीच्या टपावर मिस्त्रींनी स्वतः चढून बांधली. हँडलला दोरीचा काच बसू नये म्हणून आपल्या खांद्यावरचा पंचा मध्ये घातला आणि तो तसाच राहू द्या म्हणाले. गाडी हलली तेव्हा ते खालून माझ्याकडे न बघता टपाकडे बघत होते. मला हसू आलं आणि रडूही.

ते गेल्याचं पोस्टकार्ड मला उशिरा मिळालं. मी भिंगारला पोचले तेव्हा दुकान निम्मं रिकामं झालं होतं. मुलगा नागापूरला कारखान्यात लागला होता, त्याला हा धंदा करायचा नव्हता. काकूंनी माळा उतरवायला घेतला होता. त्या पोपटी सायकलीला पिशव्या लावून, ती हातात धरून, त्या दारोदार फिरत होत्या आणि चिठ्ठ्या वाचून घेऊन ज्याचं त्याला परत करत होत्या. कुणाचं हँडल, कुणाचे ब्रेक. मोर श्रीगोंद्याचा म्हणून माझ्यासाठी काढून ठेवला होता, जाताना देऊन टाका म्हणाल्या.

मग त्यांनी आतून एक लांबट गाठोडं आणलं. फडकं सोडलं तर गर्द हिरवी दांडी. तिच्यावर छोट्या सीटखालची चामड्याची पट्टी अजून तशीच होती, तेल पाजून मऊ ठेवलेली. सुतळीला चिठ्ठी होती, तेच ठसठशीत अक्षर: 'नर्सबाई. दांडी.' आणि खाली, 'परत लावायची न्हाई'.

मी ती चिठ्ठी काकूंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मी इचारलं हुतं त्यांना. परत लावायची न्हाई, तर मग ठिवता कशाला? तर म्हनले, पोरगी बसली हुती हिच्यावर."

येताना एसटीत गर्दी होती. कंडक्टर म्हणाला, बाई, ते लोखंड सीटखाली टाका. मोर मी सीटखाली टाकला. लहानपणी मी जिच्यावर बसून सगळं नगर पाहिलं, ती दांडी मात्र श्रीगोंद्यापर्यंत माझ्या मांडीवर बसून आली.