ऐसपैस थांबा

आमच्या शेजारच्या निवृत्त कंडक्टर काकांइतका बायबलातला प्रवास खुद्द मोशेनंही केला नसेल. मोशेनं मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर काढलेल्या लोकांचे रानातले बेचाळीस मुक्काम त्यांना तासगाव-सांगलीच्या थांब्यांसारखे पाठ होते, तेही अर्थासकट. बायबलाच्या जुन्या करारातलं एकही गाव उगीच त्या नावाचं नाही, असं ते शपथेवर सांगत. चहात साखर कमी पडली की म्हणत, "मारा आलं." मारा म्हणजे कडू पाण्याचं ठिकाण. काकू साखरेचा डबा सरकवून म्हणत, "मग उतरा खाली." एकदा चर्चमध्ये नव्या पाळकांनी उपदेशात बेथेलचा नुसता उल्लेख केला, तर काकांनी मागच्या बाकावरून "म्हंजे देवाचं घर" असं, झोपलेल्या प्रवाशाला उठवावं तसं, मोठ्यानं सांगितलं.

पुढं काकांच्याच अर्जांमुळं आमच्या रस्त्याला एसटीचा थांबा मंजूर झाला. तोवर कॉलेजच्या पोरी फाट्यापर्यंत तंगडतोड करत. पण नावावरून थोरातमळा आणि जमदाडेमळा यांची जुंपली. एकानं पाटी लावली, ती दुसऱ्यानं उपटली, दुसऱ्याची पहिल्यानं. शेवटी आगारातून निरोप आला, की एक नाव ठरवा, नाहीतर थांबा विसरा.

काकांनी दोन्ही मळ्यांना बेदाण्याच्या शेडमध्ये बोलावलं आणि बायबलातल्या इसहाकाची गोष्ट सांगितली. त्यानं विहीर खणली, तिथले लोक भांडले. तिचं नाव एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणली, पुन्हा तेच. तिचं नाव सितना, म्हणजे वैर. तो पुढं सरकला आणि तिसरी खणली. तिच्यावर कुणीच हक्क सांगितला नाही.

"तिचं नाव रहोबोथ. म्हंजे ऐसपैस जागा," काका म्हणाले. "आपल्या बी दोन पाट्या झाल्या. आता तिसरी लावूया."

मग थोरातांची म्हातारी म्हणाली, "आवं, मग ऐसपैसच लिवा की. त्यात आमी बी मावतो आन् ते बी." जमदाडे हसले, आणि ठरलं.

पहिल्या गाडीला काका मुद्दाम तासगावला जाऊन बसले. आयुष्यभर तिकिटं फाडलेल्या त्या माणसानं ताठ मानेनं स्वतःचं तिकीट मागितलं, "एक ऐसपैस." कंडक्टरनं निमूट दिलं. गाडी थांबली तेव्हा खाली दोन्ही मळे उभे होते आणि हलगी वाजत होती.

आता गुडघ्यांमुळं काकांना थांब्यापर्यंत येववत नाही. संध्याकाळी मी घरी आलो की ते विचारतात, आज कोण कोण उतरलं. मी एकेक नाव सांगतो. ते डोळे मिटून ऐकतात.